किमान वेतन कोणाची नोकरी खाते?



मागच्या वेळी प्रश्नोत्तरांच्या शेवटी एका तरुण श्रोत्याने एक प्रश्न विचारला होता. वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहून गेले. प्रश्न असा होता: "सर, किमान वेतन वाढवलं की सगळ्यात आधी कमी शिकलेल्या माणसाची नोकरी जाते, असं आम्हाला अर्थशास्त्रात शिकवलं. मग कामगाराच्या बाजूनं बोलणारे लोक किमान वेतन वाढवा असं कसं म्हणतात?" प्रश्न सरळ आहे आणि त्यात खोच नाही. अशा प्रश्नाला घाईने उत्तर देणे बरे नाही, म्हणून आजचे सबंध व्याख्यान त्याच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही अर्थशास्त्राचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. एखादा युक्तिवाद कशावर उभा आहे, त्यातला कोणता शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, कोणती अट न सांगता गृहीत धरली आहे, हे बघण्याची आम्हाला सवय आहे. तेवढेच आज करू. फक्त ते हवेत नको. या सभागृहातून निघून पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडली की अर्ध्या-पाऊण तासात आपण चाकणला पोचतो. ट्रॅफिक नसेल तर, बरं का! युक्तिवाद तिथे नेऊन लावून बघायचा.

आधी युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडू. समोरच्याचे म्हणणे दुबळे करून मग खोडायचे, हे योग्य नाही. १९४६ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने किमान वेतनावर एक छोटा लेख लिहिला. आजही पाठ्यपुस्तकांत जे शिकवतात त्याचा गाभा त्यात आहे. मालक माणसाला त्याच्या कामातून जेवढी किंमत निर्माण होते तेवढेच देतो. कायद्याने त्याहून जास्त द्यायला लावले, तर तो त्या माणसाला ठेवणार नाही. मग फटका कोणाला? ज्याच्या कामाची किंमत सर्वांत कमी धरली जाते त्याला. म्हणजे कमी शिकलेल्याला. इंजिनिअरला किमान वेतनाचे काय पडले आहे, तो आधीच त्याच्या वर आहे. आठवी पास मात्र नेमका त्या रेषेवर उभा आहे. रेषा वर सरकली की तो बाहेर. शिवाय रेषा वर गेल्यावर मालक म्हणतो, एवढेच पैसे द्यायचे तर बारावीवाला घेतो की!

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. कामगार चळवळीतले आमचे काही मित्र तो ऐकला की "हे भांडवलदारांचं अर्थशास्त्र" म्हणून मोडीत काढतात. तसे करून चालत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या घरातलाच आहे.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. या कामावर कोण यायचे? ज्याच्याकडे शेत नाही, शाळा नाही, दुसरे काम नाही असा माणूस, आणि त्यात बायका पुष्कळ. १९८८ मध्ये शेतमजुरीचे किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर हमीच्या कामाचा दरही जवळपास दुप्पट झाला. आनंदाची गोष्ट. पण पुढे काय झाले, याचा अभ्यास मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी केला आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा, की दर वाढल्यावर कामाचे रेशनिंग सुरू झाले. मागणाऱ्याला काम मिळेलच ही जी हमी होती, ती पातळ झाली. सरकारचे पैसे वाढत्या दराला पुरे पडेनात, तेव्हा काम सुरू करणेच लांबवले गेले. म्हणजे दर वाढला आणि सर्वांत कमी शिकलेल्या माणसाच्या दारातले काम आटले. किमान वेतनाच्या बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. आम्हीही करत नाही.

आता दुसरी बाजू. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंटवर नेले. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते तसेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूडची दुकाने आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. १९९४ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि मोठे वादळ उठले. न्यूमार्क आणि वॉशर या जोडीने दुकानांची पगारपत्रके घेऊन उलट निष्कर्ष काढला. कार्ड-क्रूगरनी २००० मध्ये त्याला उत्तर दिले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. वाद मात्र मिटलेला नाही.

असे का होत असावे, याचे एक कारण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच सांगून ठेवले होते. काम देणारे मोजके आणि मागणारे ढीगभर असतील, तर मजुरी कामाच्या किमतीएवढी नसते. ती तिच्या बरीच खाली दाबलेली असते. तिथे कायद्याने ती थोडी वर उचलली तर नोकरी जात नाही, मालकाचा दाबून मिळालेला नफा कमी होतो. चाकणमध्ये कारखाने शेकड्यांनी आहेत हे खरे. पण भरती बहुतेक ठेकेदारामार्फत होते. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या मुलाला कारखाना भेटत नाही, ठेकेदार भेटतो. खोलीही अनेकदा त्याच्याच ओळखीने मिळते. असा मुलगा दर ठरवत नाही. त्याला दर सांगितला जातो.

पण मंडळी, कार्ड-क्रूगरच्या अभ्यासाने आपल्या श्रोत्याचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी मोजल्या त्या एकूण नोकऱ्या. एकूण संख्या तीच राहून आत बसलेली माणसे बदलली असतील तर? दहा नोकऱ्या आधी होत्या, दहा नंतर आहेत, पण आधी त्यांत सहा जण आठवी पास होते आणि आता एकच आहे. बेरीज सारखीच. ज्याची जागा गेली त्याला बेरीज दाखवून काय उपयोग?

ही शंका कल्पनेतली नाही. क्लेमेन्स, कान आणि मीर या तिघांनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती तपासून २०२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जिथे किमान वेतन वाढले तिथे कमी पगाराच्या कामांच्या जाहिरातींत "हायस्कूल पास हवा" ही अट वाढलेली त्यांना दिसली. काम तेच, पण दारावरची पाटी बदलली. म्हणून खरा प्रश्न नोकऱ्या किती हा नसून दारातून आत कोणाला घेतले जाते हा आहे.

आता चाकणला जाऊ. तळेगाव चौकात किंवा आळंदी फाट्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहा. खांबांवर, टपऱ्यांवर, बंद शटरवर "पाहिजेत" अशा जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. वाचून बघा. काम असते हेल्परचे, पॅकिंगचे, लाइनवर माल चढवण्या-उतरवण्याचे. आणि खाली शिक्षण लिहिलेले असते: दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा. कधी कधी तर "कोणताही पदवीधर". वय १८ ते २८. माल चढवायला पदवी कशाला लागते हो? कामाला ती लागत नाही. गर्दी चाळायला लागते. हजार जण उभे असले की चाळणी हवी, आणि शाळेचा दाखला ही मालकाला फुकटात मिळणारी चाळणी आहे.

म्हणजे स्टिग्लर बरोबर होते का? किमान वेतनाने आठवी पासाला बाहेर काढले का? इथे घाई करू नका. आपण कायद्याकडे बघू.

किमान वेतन कायदा १९४८ चा. त्याचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले ते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. या कायद्याखाली आपले राज्य उद्योगवार दर ठरवत आले आणि कामगारांचे तीन वर्ग करत आले: कुशल, अर्धकुशल, अकुशल. हे वर्ग कशाचे आहेत? कामाचे. ज्या कामाला फारसे शिक्षण, अनुभव, स्वतःचा निर्णय लागत नाही ते अकुशल काम. करणारा माणूस किती शिकला आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. दिल्लीत थोडे वेगळे आहे. तिथे कारकुनी आणि देखरेखीच्या कामासाठी मॅट्रिक नसलेला, मॅट्रिक पण पदवीधर नसलेला, आणि पदवीधर असे शिक्षणाप्रमाणे सरळ वेगळे दर असतात. आपल्याकडे मुख्य शिडी कौशल्याची.

इथे पहिला घोटाळा आहे. अर्थशास्त्राची पुस्तके "कमी शिकलेला" आणि "अकुशल" हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. अकुशलपणा हा कामाचा गुण आहे, शिक्षण हा माणसाचा. डिप्लोमा झालेला मुलगा पॅकिंगला बसला तर तो कायद्याच्या भाषेत अकुशल. आणि भोसरीत वीस वर्षे लेथवर काढलेला सातवी पास माणूस, ज्याला आवाजावरून कळते की टूल बोथट झाले आहे, तो कुशल. हे दोन शब्द एक मानले की पुढचे सगळे गणित वाकडे जाते.

आता या शिडीच्या पायऱ्यांत अंतर किती? एक उदाहरण घेऊ. दुकाने आणि व्यापारी आस्थापनांसाठी २०१९ मध्ये राज्याने जे दर ठरवले, त्यात परिमंडळ एकमध्ये महिन्याचे मूळ वेतन कुशलाला ११,६३२ रुपये, अर्धकुशलाला १०,८५६ आणि अकुशलाला १०,०२१. म्हणजे वरची आणि खालची पायरी यांत फरक १,६११ रुपये, सुमारे १६ टक्के. त्यावर महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता वाढतो, आणि तो तिघांनाही सारखाच असतो. समजा तो ३,००० झाला, तर फरक रुपयांत तेवढाच राहतो पण टक्क्यांत बाराच्या आसपास येतो. भत्ता जसजसा वाढतो तसतशी शिडी चपटी होते. कारखान्यांचे दर वेगळे असतात, पण घडण हीच. दोन वर्षे आयटीआयला घालवलेल्या मुलाला कायदा सांगतो: तुझ्या कौशल्याची हमी एवढीच, सोळाशे रुपयांची.

हे झाले एका शिडीचे. पण मंडळी, या पट्ट्यात दुसरी एक शिडी आहे, आणि सगळी गोम तिथे आहे.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा घ्या. त्याच्या १८ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून किमान वेतन त्याला लागू नाही. त्याला मिळते विद्यावेतन. २०१९ च्या सुधारित नियमांनी त्याचे किमान दर असे ठरवले: पाचवी ते नववी पास ५,०००, दहावी ६,०००, बारावी ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवीधर ९,०००. ही शिडी बघा, शिक्षणाची आहे! आणि तेच वर्ष २०१९. दुकानातला अकुशल कामगार १०,०२१ च्या खाली ठेवता येत नाही, आणि कारखान्यातला पदवीधर शिकाऊ उमेदवार ९,००० वर ठेवता येतो. काही कंपन्या जास्त देतात, हे मान्य. पण कायद्याची रेषा ती. शिवाय केंद्र सरकारच्या योजनेतून त्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते.

दुसरे उदाहरण 'नीम'चे. तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये रोजगारक्षमता वाढवण्यासाठी ही योजना आणली. चाकण-रांजणगावकडच्या मुलांना हे नाव सांगावे लागत नाही. दहावीनंतर शिक्षण सोडलेला किंवा डिप्लोमा-पदवी करत असलेला मुलगा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत प्रशिक्षणार्थी म्हणून घेता यायचा. त्याला द्यायचे काय, तर अकुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढी ठोक रक्कम. तो कामगार नव्हे, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही आणि कायम होण्याचा हक्कही नाही. २०२२ च्या अखेरीस परिषदेने ती योजना मागे घेतली. पण तोवर या पट्ट्यातली अनेक मुले तिच्यातून जाऊन बाहेर पडली होती.

आणि तिसरे उदाहरण ताजे. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, आणि हे पैसे सरकारच देते. बारावीच्या खाली या दारातून प्रवेश नाही.

आता दोन्ही शिड्या शेजारी ठेवा आणि गेटवर उभ्या असलेल्या दोन मुलांकडे बघा. एक आठवी पास, दुसरा डिप्लोमा झालेला. स्टिग्लर म्हणतात, किमान वेतनामुळे आठवी पासाला "मी कमी घेतो, मला घ्या" असे म्हणता येत नाही. बरोबर. पण स्टिग्लरच्या चित्रात ही बंदी दोघांनाही सारखी आहे. आपल्याकडे तशी नाही. आपल्याकडे आठवी पासाला स्वस्त होण्याची बंदी आहे आणि डिप्लोमावाल्याला स्वस्त होण्याची मुभा आहे, वर सरकारचा हातभार आहे. कोणी म्हणेल, पाचवी ते नववीचीही पायरी आहे की ५,००० ची. आहे, कागदावर. पण आठ हजारांत डिप्लोमावाला मिळत असताना, त्यात सरकारही वाटा उचलत असताना, पाच हजारांच्या आठवी पासाला शिकवत कोण बसणार? नीम आणि राज्याची योजना ही दोन दारे तर त्याला नियमानेच बंद.

न्यायशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे अनुमान चूक. का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो सरपण ओले असल्यामुळे. ही जी न सांगितलेली अट, तिला म्हणतात उपाधी. "किमान वेतन वाढले की कमी शिकलेल्याची नोकरी जाते" हे अनुमान असेच सोपाधिक आहे. अग्नी आहे किमान वेतनाचा, धूर दिसतो आठवी पासाच्या बेकारीचा, आणि मधले ओले सरपण कोणी मोजतच नाही. ते ओले सरपण म्हणजे जास्त शिकलेल्याला त्याच कामावर किमान वेतनाच्या बाहेर ठेवण्याची सवलत.

रोजगार हमीचे काय मग, असे तुम्ही विचाराल. तिथेही उपाधी शोधा. तिथे ती होती खजिन्याची मर्यादा: दर वाढवला, पण हमी पुरी करायला लागणारा पैसा त्या प्रमाणात दिला नाही. म्हणून काम आटले. आम्ही असे म्हणत नाही, की किमान वेतनाने कधीच कोणाचे नुकसान होत नाही. एवढेच म्हणतो, की नुकसान झाले तेव्हा दराबरोबर आणखी काय होते ते बघा. ते न बघता दराला फाशी देऊ नका.

या सवलतीने नुकसान एकट्या आठवी पासाचे होत नाही, हेही बघा. डिप्लोमावाला आत गेला म्हणून जिंकला का? सात महिने झाले की ब्रेक. कारण आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे २४० दिवस भरले की हंगामी कामगाराचा कायम होण्याचा हक्क उभा राहतो, तो उभाच राहू द्यायचा नाही. मग दुसरी कंपनी, दुसरा ठेकेदार, पुन्हा ट्रेनी. तीस वर्षांचा झाला की जाहिरातीतल्या वयाच्या अटीत बसत नाही. आठवी पासाला काम नाही आणि डिप्लोमावाल्याला कामाची किंमत नाही. दोघे एकमेकांकडे बघून म्हणतात, याच्यामुळे माझे असे झाले.

पिंपरीची पहिली पिढी आठवा. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ, बजाज, टेल्को. त्या पिढीत खेड्यांतून आलेले सातवी-आठवी शिकलेलेही कामाला लागले. कौशल्य त्यांनी बाहेरून आणले नव्हते, ते कारखान्यातच तयार झाले. माणूस कायम राहणार म्हणून त्याला शिकवणे कंपनीला परवडत होते. तो काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणत नाही, १९८९ चा टेल्कोतला संप पाहिलेले लोक तसे म्हणणार नाहीत. पण एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: आठवी पास असणे म्हणजे कामाला निरुपयोगी असणे नव्हे. आज सात महिन्यांत सोडायच्या माणसाला कोणी शिकवत नाही. म्हणून तयार दाखला मागतात. आणि तरी त्याला नाव काय देतात? प्रशिक्षणार्थी!

आता आक्षेप घेऊ. भोसरीत दहा-पंधरा माणसांचे वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, "सर, तुमचं सगळं खरं. पण मोठी कंपनी दरवर्षी आमच्याकडून पार्टचा दर कमी करून मागते. मी किमान वेतन, पीएफ, ईएसआय सगळं देतो, शेजारचा ट्रेनी दाखवून काम उरकतो. ऑर्डर त्याला जाते." हा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. पण नीट ऐका, ते कशाविरुद्ध बोलत आहेत? त्यांची तक्रार किमान वेतनाबद्दल नाही, शेजाऱ्याला मिळणाऱ्या पळवाटेबद्दल आहे. रेषा सगळ्यांना सारखी असेल तर कोणीच मजुरी कापून ऑर्डर पळवू शकणार नाही. प्रामाणिक मालकाचे रक्षण हेही किमान वेतनाचे एक काम आहे, आणि सवलतीने पहिला बळी त्याचाच जातो.

दुसरा आक्षेप: "मग मुलांनी शिकायचं कुठे? शिकाऊ उमेदवारी बंद करायची का?" अजिबात नाही. जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून तासाला साडेआठ युरो असे देशभर किमान वेतन लावले, तेव्हा शिकाऊ उमेदवारांना त्यातून वगळले. पण तिथला उमेदवार ठरलेला वेळ व्यवसायशाळेत जातो, त्याची परीक्षा होते, आणि २०२० पासून त्याच्या विद्यावेतनालाही कायद्याने स्वतःची किमान रेषा आहे. शिकणाऱ्याला शिकणारा म्हणून सूट देणे न्याय्य आहे. काम करणाऱ्याला शिकणारा म्हणणे न्याय्य नाही.

मग ओळखायचे कसे? आमची कसोटी साधी आहे. तो मुलगा उद्या आला नाही तर लाइन थांबते का? त्याच्या जागी दुसरा माणूस आणावा लागतो का? तसे असेल तर तो कामगार आहे, त्याच्या कार्डावर काहीही लिहिलेले असो. तो आला नाही आणि फक्त त्याचा धडा बुडाला, तर तो विद्यार्थी.

ही कसोटी भावनेपोटी सांगत नाही. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ आहे. पोटाची गरज हीही एक सक्ती असते, हे न्यायालयाने मानले. मग त्याच लाइनवर, त्याच शिफ्टमध्ये, शेजारच्या मुलाला "ट्रेनी" म्हटल्याने वेठ कशी संपते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता अमलात आल्या. वेतन संहितेने एक चांगली गोष्ट केली: किमान वेतन ठरावीक उद्योगांपुरते न ठेवता सगळ्या कामांना लागू केले. देशपातळीवर तळवेतनाची तरतूदही आहे. पण कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार आजही बाहेरच आहे. छप्पर मोठे केले, भोक तसेच ठेवले. आणि छप्पर जितके उंच न्याल तितका त्या भोकाचा मोह वाढेल. किमान वेतन पुढे कधी चांगले वाढले, तर ट्रेनींची संख्या वाढेल, आठवी पास आणखी मागे ढकलला जाईल, आणि मग कोणीतरी आकडे दाखवून म्हणेल, "बघा, किमान वेतनानं नोकऱ्या खाल्ल्या."

तेव्हा त्या तरुण श्रोत्याला आमचे उत्तर असे. बाळा, तुला शिकवले ते अर्धे खरे आहे. कमी शिकलेल्याची जागा जाते, हे आपण चाकणच्या खांबावर वाचले. पण ती जागा घेणारा तुझ्यासारखाच शिकलेला मुलगा आहे, आणि त्याला त्याच्या शिक्षणाच्या मोलाहून कमी दराने आत घेतले आहे. किमान वेतन वाढवा असे आम्ही म्हणतो, पण एवढेच म्हणून थांबत नाही. लाइनवर उभा असलेला प्रत्येक जण त्या रेषेच्या वर हवा, असे म्हणतो. आणि आठवी पासासाठी शिकण्याचे दार हवे तर शिकाऊ उमेदवारीची खालची पायरी खरी करा: पगार नव्हे, शिकवणे तपासा.

तुमच्यापैकी पुष्कळ जण या पट्ट्यात काम करता, काही जण माणसे भरतीही करता. उद्या गेटवर अर्ज चाळताना एकदा स्वतःला विचारा, की या कामाला हा दाखला खरोखर लागतो का. उत्तर "नाही" असेल, तर ती अट कोणासाठी घातली आहे? याचे उत्तर तुम्ही आम्हाला पुढच्या वेळी द्या. प्रश्नोत्तरे तिथूनच सुरू करू.